स्वातंत्र्य जाहीर झालं. उद्या सकाळी कायदा कुणाचा?

पॅसिफिक महासागरातला बोगनव्हिल हा बेटांचा प्रदेश आज पापुआ न्यू गिनीत आहे. १ सप्टेंबर २०२७ ला स्वतंत्र व्हायचं, असा तिथल्या नेत्यांचा निर्धार आहे. २०१९ च्या सार्वमतात जवळपास ९८ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला होता. इतका स्पष्ट कौल मिळूनही इतकी वर्षं अडलंय कुठे, असा प्रश्न बातमी वाचणाऱ्याला पडतो. तांत्रिक उत्तर सोपं आहे: २००१ च्या शांतता करारानुसार ते सार्वमत बंधनकारक नाही आणि शेवटचा शब्द पापुआ न्यू गिनीच्या संसदेचा आहे. पण संसदेने उद्या होकार दिला, तरी बरंच काम उरतं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा दोन-तीन पानांचा असतो आणि तो एका बैठकीत मंजूर होतो. त्यानंतर न्यायाधीशाने कुठला कायदा लावायचा, शिक्षकाचा पगार कुणी काढायचा, सीमेवरच्या गावातला माणूस कुठला नागरिक, या गोष्टींत देश उभा राहतो किंवा अडखळतो.

देश ठरतो कशावरून?

एकत्र कुटुंबातल्या भावाने वेगळी चूल मांडली, तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही. चूल पेटली की संसार वेगळा झाला. पण घर कुणाच्या नावावर, कर्ज कुणी फेडायचं, विहिरीवर हक्क किती, हे बाकीच्यांनी मान्य केल्याशिवाय मिटत नाही. फुटून निघालेल्या प्रदेशाचे असेच दोन हिशेब असतात.

पहिला हिशेब १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात आहे. त्याच्या पहिल्या कलमात देशाच्या चार कसोट्या दिल्या आहेत: कायमची लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. इतरांची मान्यता ही कसोटी त्या यादीत नाही. उलट, देशाचं अस्तित्व मान्यतेवर अवलंबून नसतं असं तोच करार पुढे सांगतो.

दुसरा हिशेब मान्यतेचा. सोमालीलँडने १८ मे १९९१ रोजी सोमालियापासून वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. स्वतःचं चलन आणलं, पासपोर्ट काढले, निवडणुका घेतल्या, २००१ मध्ये सार्वमताने राज्यघटना मंजूर केली. चारही कसोट्यांवर तो प्रदेश कित्येक मान्यताप्राप्त देशांपेक्षा पक्का उतरतो. तरी पुढची तीन दशकं संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने त्याला मान्यता दिली नाही. पहिला हिशेब प्रदेशाच्या हातात असतो. दुसरा नसतो, आणि म्हणूनच जाहीरनाम्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य दुसऱ्या हिशेबावर डोळा ठेवून लिहिलेलं असतं.

लोकांना विचारलं की झालं, नाही का?

नाही. सार्वमतात निकालाच्याही आधी तीन गोष्टींवर भांडण होतं: प्रश्न काय, मतदार कोण आणि किती मतं पुरेशी.

प्रश्न जितका लांब, तितकी निकालावर शंका घ्यायला जागा. १९९५ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने विचारलेल्या प्रश्नात कॅनडाशी नव्या भागीदारीचा प्रस्ताव आणि एका कराराचा उल्लेख, असं सगळं एकत्र होतं. विरोधात ५०.५८ टक्के मतं पडून तो प्रस्ताव अगदी थोडक्यात फेटाळला गेला. पुढे कॅनडाच्या संसदेने २००० साली कायदाच केला, की प्रश्न आणि बहुमत दोन्ही स्पष्ट असतील तरच वाटाघाटी होतील. स्कॉटलंडने २०१४ मध्ये याउलट एका ओळीचा प्रश्न विचारला. त्या सार्वमतात स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्यांना मत होतं, पण इंग्लंडमध्ये राहणाऱ्या स्कॉटिश माणसाला नव्हतं. इथिओपियातून फुटणाऱ्या एरिट्रियाने १९९३ मध्ये बरोबर उलटं केलं आणि परदेशांत विखुरलेल्या एरिट्रियनांनाही मत दिलं. तीस वर्षांच्या युद्धात देश सोडावा लागलेल्यांना वगळणं तिथे शक्यच नव्हतं.

किती मतं, हा मुद्दा सर्वांत चुरशीचा. सर्बियापासून वेगळं होऊ पाहणाऱ्या माँटेनेग्रोसाठी युरोपीय संघाने ५५ टक्क्यांची अट घातली होती. २००६ मध्ये ५५.५ टक्के मतं मिळाली आणि देश झाला. कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटाला राज्यघटनेनेच फुटून निघायचा हक्क दिला आहे, पण अट दोन-तृतीयांश मतांची. १९९८ मध्ये तिथे जवळपास ६२ टक्के लोक बाजूने होते. नेव्हिस आजही सेंट किट्ससोबतच आहे. दक्षिण सुदानमध्ये ६० टक्के मतदानाची अट होती. २०११ मध्ये तीही पार पडली आणि ९८.८३ टक्के मतं स्वातंत्र्याला मिळाली.

या अटी कुणीतरी आधी मान्य केलेल्या होत्या, म्हणून निकाल चालले. इराकी कुर्दिस्तानने सप्टेंबर २०१७ मध्ये बगदादच्या विरोधाला न जुमानता सार्वमत घेतलं आणि ९२ टक्क्यांहून अधिक कौल मिळवला. महिन्याभरात किर्कुक हे तेलाचं शहर हातचं गेलं आणि प्रदेशातले विमानतळ आंतरराष्ट्रीय उड्डाणांना बंद झाले. स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताच्या संसदेने २७ ऑक्टोबर २०१७ ला स्वातंत्र्याचा ठराव केला. त्याच दिवशी माद्रिदने, म्हणजे स्पेनच्या सरकारने, राज्यघटनेचं १५५ वं कलम लावून ती संसद बरखास्त केली. ठराव होता, पण दुसऱ्या दिवशी त्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा ठराव करणाऱ्यांच्या हाती नव्हती.

जाहीरनाम्यात काय काय असावं लागतं

लोकांना आठवतात ती जाहीरनाम्यातली भावनिक वाक्यं. वकील मात्र त्यातल्या रुक्ष कलमांकडे आधी बघतो. या बाबतीत बांगलादेशचं घोषणापत्र फार शिकवणारं आहे.

२६ मार्च १९७१ ला स्वातंत्र्य घोषित झालं. पण सविस्तर घोषणापत्र निघालं १० एप्रिलला, आणि १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या आंबराईत ते जाहीर वाचलं गेलं. त्याची सुरुवात निवडणुकीपासून होते. आम्ही अमुक निवडणुकीत निवडून आलो, १६९ पैकी १६७ जागा जिंकल्या, आमची सभा बोलावली आणि मग बेकायदा पुढे ढकलली, अशी कारणांची साखळी आधी मांडली आहे. यातून एकच गोष्ट सिद्ध करायची असते: बोलणाऱ्यांना बोलायचा अधिकार कुठून आला. मग निवडून आलेले हेच लोक स्वतःची घटना समिती, म्हणजे राज्यघटना लिहिण्याचा अधिकार असलेली सभा, स्थापन करतात.

पुढची कलमं कामाची. राज्यघटना होईपर्यंत शेख मुजीबुर रहमान राष्ट्राध्यक्ष. कायदे करणं, कर लावणं, पैसा खर्च करणं, पंतप्रधान नेमणं, शिक्षा माफ करणं हे सगळे अधिकार त्यांच्याकडे. राष्ट्राध्यक्ष काम करू शकले नाहीत तर उपाध्यक्ष सैयद नझरुल इस्लाम ते अधिकार वापरतील. हे कलम नसतं तर सरकार पहिल्याच दिवशी अडलं असतं, कारण मुजीब त्या वेळी पश्चिम पाकिस्तानात कैदेत होते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं पालन करू अशी हमी आहे. आणि शेवटी, हे घोषणापत्र २६ मार्चपासून अमलात आलं असं मानलं जाईल, म्हणजे मधल्या पंधरा दिवसांत जे घडलं त्यालाही कायद्याचं छत्र मिळालं.

सर्बियापासून फुटणाऱ्या कोसोव्होने १७ फेब्रुवारी २००८ ला स्वातंत्र्य जाहीर करताना वेगळीच काळजी घेतली. तिथली विधानसभा संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाखाली स्थापन झाली होती आणि स्वातंत्र्य जाहीर करणं तिच्या अधिकारात नव्हतं. मग मजकूर 'आम्ही, आमच्या लोकांचे लोकशाही मार्गाने निवडलेले नेते' अशा सुरात लिहिला गेला. १२० पैकी हजर असलेल्या १०९ सदस्यांसोबत राष्ट्राध्यक्षांनीही सही केली, जे सभेचे सदस्य नव्हते. तो कागद संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीकडे राजपत्रासाठी पाठवलाही नाही. हे बारकावे दोन वर्षांनी न्यायालयात उपयोगी पडले, त्याबद्दल पुढे.

पण अशी एकतर्फी घोषणा बेकायदा नसते का?

मूळ देशाच्या कायद्याने बहुतेक वेळा असते. स्पेन किंवा सर्बियाची राज्यघटना वाचली तर शंका राहत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याचं उत्तर मात्र अनेकांना बुचकळ्यात टाकतं. कोसोव्होच्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २२ जुलै २०१० ला दहा विरुद्ध चार मतांनी सल्ला दिला, की त्या घोषणेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झाला नाही. घोषणा करणारे लोक संयुक्त राष्ट्रांनी घालून दिलेल्या चौकटीतली संस्था म्हणून बोलत नव्हते, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला, आणि त्यासाठी वर सांगितलेले सही-मजकुराचे बारकावे पाहिले.

या सल्ल्याचा अर्थ ताणू नये. कोसोव्हो हा देश आहे का, किंवा फुटून निघायचा हक्क आहे का, यावर न्यायालय बोललंच नाही. घोषणा करायला मनाई नाही, एवढंच ते म्हणालं. शिवाय अपवाद आहेत. ऱ्होडेशियातल्या (आजच्या झिम्बाब्वेतल्या) गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने १९६५ मध्ये, आणि तुर्की सैन्य उतरल्यानंतर उत्तर सायप्रसने १९८३ मध्ये केलेली घोषणा सुरक्षा परिषदेने अवैध ठरवली. पहिलीच्या मुळाशी वंशवादी राजवट होती, दुसरीच्या मुळाशी परकी बळाचा वापर. दोष घोषणेच्या एकतर्फीपणात नव्हता, असं न्यायालयाने नमूद केलं.

पहिल्या रात्रीचा कायदा

समजा मध्यरात्री देश स्वतंत्र झाला. जुन्या देशाचे कायदे त्या क्षणी संपले असं धरलं, तर विवाह, खरेदीखतं, तुरुंगातल्या कैद्यांच्या शिक्षा, वाहन परवाने, सगळंच अधांतरी. म्हणून प्रत्येक शहाणा नवा देश पहिल्याच दिवशी एक छोटा आदेश काढतो: कालपर्यंतचे कायदे आजपासून आमचे कायदे, आमच्या घोषणेशी विसंगत असेल तेवढं सोडून.

बांगलादेशने घोषणापत्राच्याच तारखेला, १० एप्रिल १९७१ ला, असा आदेश काढला. २५ मार्चला लागू असलेले कायदे चालू राहिले. नव्या देशाच्या निष्ठेची शपथ घेणारे सरकारी, लष्करी, न्यायिक आणि राजनैतिक अधिकारी आपापल्या पदांवर कायम राहिले. दुसरं कलम पहिल्याइतकंच हुशारीचं आहे, कारण त्यामुळे मूळ देशाच्या नोकरीतल्या माणसाला बाजू बदलण्यासाठी पगाराची आणि ज्येष्ठतेची किंमत मोजावी लागत नाही. स्लोव्हेनियानेही जून १९९१ मध्ये स्वातंत्र्याच्या सनदेसोबत अंमलबजावणीचा वेगळा घटनात्मक कायदा करून युगोस्लाव्ह कायदे तात्पुरते आपलेसे केले. ज्या कायद्यांविरुद्ध लढलो तेच पुन्हा का, असा आक्षेप प्रत्येक ठिकाणी येतो. पण हजारो कायदे एका रात्रीत लिहिता येत नाहीत. ते एकेक करून बदलता येतात.

राज्यघटना आधी की देश आधी?

दोन्ही क्रम वापरले गेले आहेत आणि दोन्हींत खड्डे आहेत.

इंडोनेशियापासून वेगळ्या झालेल्या तिमोर-लेस्तेने आधी राज्यघटना केली. १९९९ च्या सार्वमतानंतर संयुक्त राष्ट्रांचं प्रशासन होतं. ऑगस्ट २००१ मध्ये ८८ जणांची घटना समिती निवडली गेली आणि मसुद्यासाठी तिला ९० दिवस दिले गेले. ते अर्थातच पुरले नाहीत. मंजुरीला किमान ६० मतं लागणार होती, फ्रेटिलिन पक्षाकडे ५५ होती, म्हणजे लहान पक्षांना सोबत घेणं भाग होतं. २२ मार्च २००२ ला राज्यघटना मंजूर झाली, २० मे ला देश स्वतंत्र झाला. खटकण्यासारखी गोष्ट एक: मसुद्यातच तरतूद करून घटना समितीने स्वतःचं रूपांतर संसदेत केलं. नियम लिहिणारेच त्या नियमांखाली सत्तेत बसले, नव्या निवडणुकीशिवाय. मसुदा लिहिणारा माणूस उद्याचा खासदार असेल तर तो संसदेचे अधिकार कमी करेल कशाला?

कोसोव्होने उलटा क्रम घेतला, पण चौकट आधीच आखलेली होती. संयुक्त राष्ट्रांचे दूत मार्टी अहतिसारी यांच्या आराखड्याने १२० दिवसांचा संक्रमण काळ आणि राज्यघटनेत काय असलंच पाहिजे याची यादी दिली होती. त्यामुळे घोषणेनंतर दोन महिन्यांच्या आत, ९ एप्रिलला राज्यघटना मंजूर झाली आणि १५ जूनला लागू. वेग मिळाला, 'ही आम्ही लिहिली की आमच्याकडून लिहून घेतली' ही कुजबुज मात्र गेली नाही. बांगलादेशने जानेवारी १९७२ मध्ये आधी तात्पुरता घटनात्मक आदेश काढला, मग कमाल होसेन यांच्या अध्यक्षतेखाली ३४ जणांची मसुदा समिती बसवली आणि ४ नोव्हेंबरला राज्यघटना मंजूर केली. हा मधला मार्ग, आधी तात्पुरती चौकट आणि मग सावकाश कायमची, कागदावर सर्वांत समंजस वाटतो.

त्याचाही धोका आहे: तात्पुरतं कायमचं होतं. दक्षिण सुदानची २०११ ची राज्यघटना 'संक्रमणकालीन' होती. संकटाच्या काळात राष्ट्राध्यक्षाला निवडून आलेला प्रांतिक गव्हर्नर काढता येईल, असं एक कलम त्यात होतं. २०१३ मध्ये ते वापरून गव्हर्नर काढले गेले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात यादवी सुरू झाली. यादवी त्या एका कलमामुळे झाली असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण सत्ता एका हाती देणारं कलम 'तात्पुरतं आहे' म्हणून कुणी अडवलं नाही, हे खरं. आणि एरिट्रिया? तिथे लोकांत फिरून मसुदा झाला, २३ मे १९९७ ला घटना समितीने तो मंजूर केला. पुढच्या वर्षी इथिओपियाशी सीमायुद्ध पेटलं आणि ती राज्यघटना कधीच लागू झाली नाही. मंजुरी आणि अंमल यांच्यामध्ये ठरलेली तारीख नसेल, तर मसुदा कितीही चांगला असो, सत्तेतल्या माणसाला तो लागू करण्याची घाई नसते.

नागरिक कोण, हे उघड नाही का?

इथे सर्वांत शांतपणे सर्वांत मोठी चूक होते. स्लोव्हेनियाने इतर युगोस्लाव्ह प्रजासत्ताकांतून आलेल्या रहिवाशांना नागरिकत्वाचा अर्ज करायला सहा महिने दिले. बहुतेकांनी केला. ज्यांनी केला नाही किंवा ज्यांचे अर्ज नाकारले गेले, अशा सुमारे २५,००० लोकांची नावं २६ फेब्रुवारी १९९२ ला कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून काढली गेली. त्यांना कुणी पत्रही पाठवलं नाही. परवाना नूतनीकरणाला किंवा दवाखान्यात गेल्यावर त्यांना कळलं की आपण कागदावर इथले नाहीच. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१२ मध्ये या प्रकरणात स्लोव्हेनियाला दोषी ठरवलं. तरतूद उलटी लिहिली असती, म्हणजे अमुक तारखेला नोंद असलेला प्रत्येक जण नागरिक, नको असेल त्याने कळवावं, तर हे टळलं असतं.

जिंकलेल्या बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांना नकाराधिकार का द्यावा?

हा आक्षेप नव्या देशांत हमखास येतो: इतकी वर्षं सोसलं ते आम्ही, आता पुन्हा हात बांधून घ्यायचे? कोसोव्होच्या राज्यघटनेने बरेच घट्ट बांधून घेतले आहेत. १२० पैकी २० जागा अल्पसंख्य समाजांसाठी राखीव, त्यातल्या १० सर्बांना. घटनादुरुस्तीला एकूण दोन-तृतीयांश सदस्य तर हवेतच, शिवाय त्या राखीव जागांवरच्या सदस्यांचेही दोन-तृतीयांश हवेत. याशिवाय दुसऱ्या कुठल्या देशात विलीन होणार नाही असंही पहिल्याच कलमात आहे, अल्बानियाकडे पाहून शेजाऱ्यांना वाटणारी धास्ती घालवण्यासाठी. यात उदारपणा असेल, पण हिशेबही आहे: ही मान्यतेची किंमत होती.

किंमत न मोजल्याचं उदाहरण बांगलादेशातच सापडतं. १९७२ च्या मसुद्यात सर्व नागरिकांना 'बंगाली' म्हणण्याची तरतूद आली, तेव्हा चितगाव डोंगरी भागाचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लारमा विरोध करून सभेतून बाहेर पडले. त्या भागातला सशस्त्र संघर्ष १९९७ च्या करारापर्यंत चालला.

सीमा, कर्ज आणि नळाचं दुसरं टोक

सीमेबाबत १९९२ मध्ये बादिंतेर आयोगाने (युरोपीय देशांनी नेमलेल्या कायदेतज्ज्ञांच्या आयोगाने) फुटणाऱ्या युगोस्लाव्हियासाठी सांगितलेला नियम सरसकट वापरला जातो: जुन्या देशाची अंतर्गत प्रशासकीय सीमा हीच नवी आंतरराष्ट्रीय सीमा. न्याय्य आहे म्हणून नव्हे, तर नकाशा पुन्हा काढायला बसलं की कुणीच थांबत नाही म्हणून. ती सीमा जिथे आखलेलीच नाही तिथे सुदान आणि दक्षिण सुदान यांच्या सीमेवरच्या अबयेई भागासारखा तंटा उरतो. दक्षिण सुदान स्वतंत्र झाला तरी तो सुटलेला नव्हता.

कर्जाची वाटणी करायला ठरलेलं सूत्र नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने युगोस्लाव्हियाचे हिस्से टक्क्यांत पाडले: सर्बिया-माँटेनेग्रो ३६.५२, क्रोएशिया २८.४९, स्लोव्हेनिया १६.३९, बोस्निया १३.२०, मॅसेडोनिया ५.४०. सुदानने याउलट सगळं परकी कर्ज स्वतःकडे ठेवलं, धनको ते माफ करतील या आशेवर. पण दक्षिण सुदानची खरी अडचण कर्जाची नव्हती. बहुतेक तेलविहिरी त्याच्याकडे आल्या आणि समुद्रापर्यंतची पाइपलाइन सुदानात राहिली. वाहतुकीच्या दरावर भांडण झालं आणि जानेवारी २०१२ मध्ये नव्या देशाने स्वतःचंच तेल उत्पादन बंद केलं, ज्यावर सरकारचं जवळजवळ सगळं उत्पन्न चालत होतं. पाइपलाइनचा दर स्वातंत्र्याच्या तारखेआधी ठरवून घ्यायला हवा होता. नंतर घासाघीस करायला हातात फारसं काही उरत नाही.

संयुक्त राष्ट्रांचं दार

सदस्यत्वासाठी सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ मतं हवीत, पाच कायम सदस्यांपैकी कुणाचा नकाराधिकार नको, आणि मग महासभेत दोन-तृतीयांश. दक्षिण सुदान १४ जुलै २०११ ला, स्वातंत्र्याच्या पाचव्या दिवशी, १९३ वा सदस्य झाला, कारण खुद्द सुदानची हरकत नव्हती. बांगलादेशचा अर्ज १९७२ मध्ये चीनने अडवला. फेब्रुवारी १९७४ मध्ये पाकिस्तानने मान्यता दिली आणि सप्टेंबरमध्ये दार उघडलं. मूळ देशाचा होकार मिळाला की बाकीचे अडथळे भराभर गळतात.

तो न मिळाल्यास एकेका खिडकीतून आत शिरावं लागतं. कोसोव्होला रशिया आणि चीनमुळे संयुक्त राष्ट्रांचं दार बंद आहे. तो २००९ मध्ये नाणेनिधी आणि जागतिक बँकेत गेला, २०१४ मध्ये ऑलिंपिक समितीत, २०१६ मध्ये फिफात. स्वतःचा दूरध्वनी संकेतांक मात्र स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षं नव्हता. लँडलाइनला सर्बियाचा, मोबाइलला मोनॅको आणि स्लोव्हेनियाचा क्रमांक उसना घेऊन काम चालायचं. ३८३ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला तो युरोपीय संघाच्या मध्यस्थीने थेट सर्बियाशी करार करून, घोषणेनंतर आठ वर्षं उलटल्यावर.